गाणं संपेपर्यंत

गाणं संपायच्या आत तेजस्वीनं हेडफोन गळ्यात ओढला आणि अकराव्यांदा वडिलांना, आबांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. चिखलीच्या घरात कोनाड्यात पडलेला तो फोन तिला डोळ्यांसमोर दिसत होता. आबा कुठं असतील ते दिसत नव्हतं.

स्टुडिओच्या काचेपलीकडून निर्माती सईनं दोन बोटं वर केली. वीस सेकंद.

"तर कोल्हापूरकर, मी तुमची लाडकी तेजू!" आवाजात नेहमीचं हसू आपोआप आलं. "पंचगंगा सत्तेचाळीस फुटांवर आहे. राधानगरी धरणाचे पाच दरवाजे उघडलेत. चिखली, आंबेवाडीच्या मंडळींनी प्रशासनाच्या सूचनेप्रमाणे लगेच बाहेर पडायचंय. घाबरायचं नाही हं. ऐका हे मस्त गाणं!"

मस्त. तिचा तिलाच राग आला.

नऊ वर्षं ती रोज सकाळी सात ते अकरा रेडिओवरून शहराला हसवत होती. रिक्षात, दुधाच्या टेंपोत, कागलच्या कारखान्यांकडं निघालेल्या बसमध्ये तिचाच आवाज असायचा. तिच्या फोटोचा मोठा फलक चौकात लागला तेव्हा आबा मान वर करून बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले होते, "लई दात दिसाल्यात."

फोन थरथरला. चुलतभाऊ पृथ्वीराज.

"काकीला आणलं. समदी शाळेत हायत. पर आबा गोठ्यात बसल्यात. म्हणत्यात, बोटीत म्हशी घेत असशीला तर येतो. पाणी गोठ्यात शिरलंय, तेजा. बोटवाले म्हणत्यात, ही शेवटची फेरी."

"उचलून आण की त्यास्नी!"

"गोठ्याचा खांब, मेढ धरून बसल्यात. हात लावू देत न्हाईत. रेडिओ तेवढा चालू हाय गोठ्यात. तुझाच."

तेजस्वी उठली, दारापर्यंत गेली, परत आली. दारात स्टेशनचे प्रमुख राजवर्धन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सर, मला आबांशी बोलायचंय. माइकवरून."

"तेजू, लोक आधीच घाबरलेत. तू रडलीस तर सगळं शहर रडेल."

"मी रडणार न्हाय."

तिच्या तोंडून 'न्हाय' त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. तोवर तिनं गाणं मध्येच तोडलं होतं. नऊ वर्षांत तिनं कधी गाणं तोडलं नव्हतं.

"केरबा चौगले, चिखली," ती म्हणाली. आवाजात हसू नव्हतं. "आबा, मी तेजा बोलालोय. माझ्या कामाला तुमी बडबड म्हणतासा. असू दे. आज बडबड ऐका. बोट दारात आलीया. मेढ सोडा आणि उठा. तुमी बोटीत बसल्याशिवाय मी फुडचं गाणं लावत न्हाय. आख्खं कोल्हापूर थांबलंय, आबा. उठा."

आणि ती थांबली.

रेडिओवर चार सेकंदांची शांतता म्हणजे गुन्हा. राजवर्धननी बटणाकडं हात नेला. सहा सेकंद झाले. आठ. त्यांनी हात मागं घेतला.

मग फोनचे सगळे दिवे एकदम लागले.

"बसलं काय तिचं वडील?" एक रिक्षावाला विचारत होता. "ताई, आमच्या अण्णांचं बी नाव घ्या की, माळ्यावर चढून बसल्यात," आंबेवाडीची एक बाई ओरडत होती. सई चिठ्ठ्या लिहून काचेला चिकटवत गेली आणि तेजस्वी वाचत गेली. गणपतराव, माळ्यावरनं खाली या. बाळाबाई, देव्हारा ऱ्हाऊ दे, तुमी निघा. नृसिंह मामा, लेक रस्त्यावर उभी हाय. नाव संपलं की पाण्याची पातळी. पातळी संपली की परत पहिलं नाव, केरबा चौगले. तिची खुर्ची कधी मागं सरकली तिला कळलं नाही. ती उभ्यानंच बोलत होती. जाहिरातीची वेळ आली नि गेली. पाण्याची बाटली न उघडता तशीच राहिली.

बावीस मिनिटं एकही गाणं लागलं नाही.

सईनं काचेवर जोरात टकटक केली. हातातल्या फोनकडं बोट दाखवलं. तेजस्वीनं मान हलवली. लाइन जोडली गेली.

पृथ्वीराजच्या फोनवरून आधी बोटीच्या इंजिनाची घरघर आली. मग आबांचा आवाज.

"तेजा."

"आबा! बसलासा?"

"बसलोय." ते खोकले. "चारचौघांत नाव घेतलंस माझं."

"व्हय. घेतलं."

"बरं केलंस, वाईट केलंस, ते मागनं बघू. आता ह्ये सांग लोकास्नी. बोटीत जनावरं घेत न्हाईत. तवा घर सोडताना दावी कापा म्हणावं. म्हैस पाण्यात पवती. बांधलेली म्हैस पवत न्हाय."

तेजस्वीनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"आबा... तुमी कापली?"

इंजिनाच्या घरघरीपलीकडं लांब कुठंतरी एक म्हैस हंबरली.

"कापली," आबा म्हणाले. "विळा अजून हातातच हाय."