दाल्लेचा ऑक्टोपस

"माझ्या दारात आज परत कोणी बुडालं, तर मी त्याला खरंच बुडवीन!"

म्हातारा दाल्ले दारात उभा राहून मासे मारायचा भाला नाचवत होता. खाली होडीत हवेच्या टाक्या रचणारा हेंद्रा घाबरून खालीच बसला.

म्हाताऱ्याचंही खोटं नव्हतं. समुद्रावरच जगणाऱ्या बाजाऊ लोकांचं गाव, पाण्यातच खांबांवर उभं. दार उघडलं की समुद्र. आणि दाल्लेचा भाचा जुनैद पाहुण्यांना बुडत्याला वाचवायचं शिकवणार. त्यासाठी कोणीतरी बुडायचं सोंग करायला लागतं. आठ दिवस झाले, म्हाताऱ्याच्या दाराशी रोज कोणी ना कोणी बोंबलत बुडत होतं.

"मामा, भाला ठेव. पोरं आहेत इथं," जुनैदची बायको सारिना शेजारच्या दारातून ओरडली. "आणि कंदाच्या पिठाची कासुआमी वाफवलीय, खाऊन जा."

"तूच खा!"

दाल्लेनं भाला छपराच्या झावळ्यांत खोचला, आणखी दोन शिव्या हासडल्या आणि आपली होडी सोडून वल्हवत निघून गेला.

"हदिजामामीला जाऊन तीन महिने झाले. तेव्हापासून सगळ्यांना असाच चावतो," जुनैद म्हणाला. "तू त्याच्याकडं बघू नको, आपलं बघ. तीनदा नापास झालायस. आज चुकलास तर जा घरी हात हलवत."

हेंद्रा मकास्सर शहरातल्या एका कचेरीत कारकून. वर्षाची सगळी रजा टाकून आला होता. दोन वर्षांपूर्वी सहलीत त्याचा मित्र धक्क्यापासून वीस हातांवर बुडाला, आणि हा धक्क्यावर उभा राहून नुसता ओरडत राहिला. तेव्हापासून झोप नाही. परत तसं उभं राहायचं नव्हतं त्याला, एवढंच.

"कालचं ध्यानात आहे ना?" जुनैद होडीत पुन्हा तापला. "आधी बुडत्याच्या कमरेचं वजन सोडायचं! शिशाचा पट्टा असो, नाहीतर आमच्या म्हाताऱ्यांचा दोरीत बांधलेला दगड असो. एका हिसक्यात सुटला पाहिजे. तुम्ही पुस्तकात वाचता, आमचा मामा आईच्या पोटातून ती गाठ शिकून आलाय."

जुनैदचा मेहुणा अर्सान टाकी पाठीवर घेऊन पुढे गेला आणि तळाशी कुठंतरी मेल्यासारखा पडून राहिला. हेंद्रानं त्याला दहा मिनिटांत शोधून वर आणायचं होतं.

आठव्या मिनिटाला पाणी फुटलं. हेंद्रानं एका माणसाला मागून काखेत धरलं होतं, अगदी शिकवल्यासारखं. पण तो माणूस लाथा झाडत होता, खोकत होता आणि अर्सान नव्हता.

"सोड! सोड मला, रेड्या!"

दाल्ले होता.

दोघांना ओढून होडीत घेईपर्यंत पलीकडून अर्सान आपला आपण वर आला. "अरे, मी तिकडं मरून पडलोय आणि हा दुसऱ्यालाच वाचवतोय!"

जुनैदच्या अंगाचा तिळपापड झाला. "पाठीवर टाकी नाही, काही नाही, तरी कळलं नाही तुला?"

"मला वाटलं, गळून पडली असेल. बुडबुडे येत नव्हते, भाऊ. हलतही नव्हता."

"कशाला हलेल? ऑक्टोपसची वाट बघतोय तो! दगड बांधून पाच पाच मिनिटं दम धरून बसतात आमची म्हातारी माणसं, आणि बुडबुडा सोडत नाहीत!"

"बिळातून निघत होता," दाल्ले पाणी ओकत म्हणाला. "एवढा मोठा! ह्यानं घालवला. माझी दोरी कापली. भाला हिसकून पाडला!"

"गाठ सुटेना, बाबा," हेंद्रा म्हणाला. "म्हणून सुरी चालवली."

"बाजाऊची गाठ सुटेना?" जुनैदनं कपाळावर हात मारला. "चार वर्षांचं पोर सोडतं रे ती!"

दाल्लेनं तोंड फिरवलं. दातावर दात वाजत होते त्याचे.

अर्सान दोनदा तळाला जाऊन आला. दोरीसकट दगड मिळाला, भाला काही सापडला नाही. ओहोटीनं नेला असेल, म्हणाला.

दुपारी परतीच्या बोटीवर चढताना हेंद्रानं पिशवी खाली ठेवली. "भाऊ, खाली म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते."

"पास झाल्याचा कागद मिळणार नाही," जुनैद म्हणाला. "जरा धड माणूस बघून वाचवत जा."

हेंद्रानं मान हलवली. बोट सुटली तेव्हा तो तिच्या कठड्याला उभा होता. धक्क्याकडं त्यानं बघितलं नाही.

ऊन उतरल्यावर जुनैद ती कापलेली दोरी दगडासकट घेऊन दाल्लेच्या घरी गेला. म्हटलं, निदान जोडून तरी द्यावी. म्हातारा आत भिंतीला टेकून बसला होता. सारिनाची कासुआमी गार झाली होती, तीच माशाबरोबर खात होता.

"तो कारकून गेला का?"

"गेला."

"परत येऊ देऊ नको."

"नवा भाला करून देतो, मामा. राग सोड आता."

म्हातारा नुसता चावत राहिला.

जुनैद दारात बसला. आधी दगडावरची गाठ सोडायला घेतली. सुटेना. नखांनी बघितलं, दातांनी बघितलं. एकीवर एक अशा तीन गाठी, ओढून ओढून आवळलेल्या. काहीतरी टोकदार घालून उचकटायला हवी होती. तो उठला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं, वर न बघताच, छपराच्या झावळ्यांत हात घातला.

हाताला तोच भाला लागला. कोरडा.