पंगतीचा जमाना गेला

आमचा उंधियूचा नवा मसाला उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आत दुकानांत लागला नाही, तर अख्खा हिवाळा हातचा जाणार होता. मी म्हटलं, नेहमीसारखं सगळ्या दुकानदारांना राजकोटला बोलवू, पोटभर जेवू घालू. पण माझ्या लेकाने, हितेनने कार्यक्रम करणारी कंपनी गाठली.

"बा, कोरोनानंतर जमाना बदललाय," कंपनीचा पोरगा पार्थिव मला शिकवायला लागला. "आता गर्दी जमवायची नाही. दुकानदार घरबसल्या मोबाइलवर बघतील."

"आणि खातील काय? तुझं डोकं?"

"बा, हल्ली लोकांना जेवण नको असतं, अनुभव हवा असतो."

रविवारी मोठ्या पडद्यावर गोंडल, मोरबी, जेतपूर, अमरेली, झाडून सगळे दुकानदार हजर. मी बोलत होते आणि माना डोलत होत्या. "बघा बा, एकही गळला नाही!" पार्थिव फुगला. मीही पदर सावरून जरा ऐटीत बसले.

मग दिसलं, मोरबीवाल्याच्या मागे जी हिरवी भिंत, तीच जेतपूरवाल्याच्या मागे. आणि तोंडं तर सगळ्यांचीच हलत होती.

"अरे मेल्यांनो, बसलायत कुठे तुम्ही?"

 

गरम गाठियांची परात घेऊन आमचा जुना वैरी ओधवजी मसालेवाला पडद्यात डोकावला, "माझ्याकडे जेवताहेत, बा! तुमचं निवांत चालू द्या, माझ्या नव्या मसाल्याचं भाषण जेवणानंतर आहे."