नकाशा न भरलेलं यंत्र

सायकलवरून गेलेली लेक वर्षभर परतली नव्हती. तिच्या शोधात रानवाटा पालथ्या घालायच्या, म्हणून मास्तर जीपीएस यंत्र निवडायला आले होते.

“सर, चार्जिंग किती तास टिकणारं दाखवू?” दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी.

“ती सापडेपर्यंत.”

त्यानं नवं खोकं फोडलं. पडद्यावर एक ठिपका सरकत होता.

“यात तर अजून नकाशाच भरला नाही!” त्यानं दुसरं यंत्र काढलं. तोच ठिपका. खाली त्याचं दुकानापासूनचं अंतर घटत होतं: चारशे मीटर, दोनशे, दहा, शून्य.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. पायरीवर नुसतं ऊन होतं.

“बाळा, मी इथंच आहे गं.”

पडद्यावर शून्याचे दहा झाले. मग दोनशे.