तारलीचं अंडं

काचेच्या पट्टीवरचं अंडं सव्वा मिलिमीटरचं होतं. आत पिवळसर तेलाचा एकच थेंब होता. संशोधक इराने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि पुन्हा लावला.

"काकू, तारली!"

किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या काठाला टेकून सुलभा कुबल जाळं झटकत होत्या. समुद्र तापत गेला, तळातली पोषकद्रव्यं वर येईनाशी झाली आणि तारली मासा नाहीसा झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून खोल समुद्रात बसवलेले नळ तळाचं गार, पोषक पाणी वर आणत होते. माशांचं खाद्य असलेल्या सूक्ष्म शेवाळाने पाणी हिरवं झालं होतं, पण मासा आला नव्हता. गावात ही एकच होडी उरली होती. ती विकून पुण्याला ये, असं मुलगा दर फोनला सांगायचा. काकू "बघूया" म्हणायच्या.

जाळं ठेवून त्या इराजवळ आल्या आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"एवढीशी गाबोळी कोणाक पुरतली गो?"

"आत बघा, आत!"

अंड्यातलं पिल्लू वळवळलं.

"शेपटी हलवता मेला!" काकू ओरडल्या. हसतच त्यांनी मुलाला फोन लावला.

"गुरू, होडी विकूची नाय. मी येवचंय नाय. तूच ये."