छापील आई

गोजराबाईंनी कुटलेला काळा मसाला त्यांच्या नाशिक रोडच्या दुकानात सुटाच हातोहात खपायचा. मग लेकाच्या, जीवनच्या, डोक्यात पाकिटाचं खूळ शिरलं. नाव 'आईचा मसाला', वर आईचा फोटो, आणि सगळं स्वस्तात. गोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या, तर हा म्हणतो, "तुझा फोटो नको गं. कपाळभर गोंदण, तोंडात दोन दात. गिऱ्हाईक पळंल."

छापखानेवाल्याने कॉम्प्युटरमधली नथवाली, गोरीपान बाई पाकिटावर फुकटात छापून दिली. फोटोग्राफरचा खर्च वाचला म्हणून जीवन आपली पाठ आपणच थोपटत फिरला.

दिवाळीपर्यंत तीच बाई समोरच्या पापडांवर, शेजारच्या लोणच्यावर आणि कोपऱ्यावरच्या मसाल्यावरही हसू लागली. गिऱ्हाईक विचारायला लागलं, "यातली खरी आई कुठली?"

जीवन धावत घरी आला. "आई, उद्यापासनं गल्ल्यापाशी बस. लोकांना तुझं तोंड दिसलं पाहिजे."

गोजराबाईंनी पाकीट उचललं आणि त्याच्याच पुढ्यात आपटलं.

 

"हिला बसव. अन् मसाला बी आता हिच्याच हातनं कुटून घे."