कागदावरचं लग्न

"मुलीचं नाव कटलं, बेन," भूपेशभाई म्हणाले आणि त्यांनी फॉर्म अनसूयेकडे सरकवला.

जेसल पार्कातल्या आपल्या गाळ्यात बसून ते लोकांचे व्हिसाचे कागद भरून देत. त्यांचा शब्द सहसा खोटा ठरत नसे. तरी अनसूया म्हणाली, "पण लग्न अजून झालंय कुठे? मार्गशीर्षात आहे. हॉलसुद्धा घेतलाय. ठाण्याला नुसतं रजिस्टर केलंय, कागदावर."

"अमेरिकावाला हळद नाय बघत, कागदच बघतो. मुलगी बिनलग्नाची, तर तुमच्याबरोबर येते. लगन झालं, की फाइलमधून बाहेर. आता तुम्ही तिकडे जाऊन सिटिझन व्हा, मग तिची फाइल टाका. परत दहा-बारा वरस."

अनसूयेच्या भावाने, काशीनाथने, न्यू जर्सीहून या कुटुंबाला तिकडे बोलवायची फाइल टाकली ती शहाण्णव साली. निशिगंधा तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढची अकरा वर्षं घरात त्या फाइलीचाच देव्हारा झाला. जायचंच आहे म्हणून नवा सोफा घेतला नाही, भिंतींना रंग दिला नाही. अनसूयेच्या नवऱ्याने, उत्तमरावांनी, तर एक वहीच केली होती. मनात येईल तो प्रश्न ते तिच्यात लिहीत आणि महिनाअखेरीला भूपेशभाईंना विचारून येत. सोनं किती नेता येतं, लोणचं चालतं का, मुलाखतीला टाय लागतो का.

यंदा नंबर लागला, आणि त्याच वर्षी निशिगंधाचं कौस्तुभशी जमलं. तेव्हा अनसूयेने डोकं चालवलं. आधी रजिस्टर उरकू, म्हणजे जावयाचंही नाव फाइलीत घालता येईल. शेजारच्या हंसाबेननी लेकीचं असंच केलं होतं आणि ती महिन्याभरात नवऱ्यामागे गेली होती. तो जावई नोकरीच्या व्हिसावर होता आणि ती त्याची बायको म्हणून गेली, एवढा फरक अनसूयेच्या ध्यानात आला नाही. एरवी आईच्या प्रत्येक बोलण्याला फाटे फोडणारी निशिगंधा या वेळी "बरं" म्हणाली. रजिस्टर लग्नाआधीची महिन्याची नोटीसही ती आणि कौस्तुभच देऊन आले.

फॉर्मची घडी घालता घालता भूपेशभाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर अनसूया पिशवी उचलून घरी आली.

नाव कटल्याचं ऐकून उत्तमराव भडकले. "रजिस्टर करायची अक्कल कुणाची?"

निशिगंधा काही बोलणार, तोच अनसूया म्हणाली, "माझी. आधी विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," उत्तमराव म्हणाले. मग त्यांनी तिची घाई काढली, तिचं माहेर काढलं आणि शेवटी दमून बाल्कनीत जाऊन बसले. अनसूयेने सगळं ऐकून घेतलं. पोरीला इथेच सोडून जायचं, या विचारानेही ती रडली नाही. ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि पाटावर बसून पानं उलटू लागली.

निशिगंधा दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"आई, चूक तुझी नव्हती."

"माहीत आहे. नोटीस द्यायच्या आदल्या दिवशी तू भूपेशभाईंकडे गेली होतीस. लग्न केलं तर काय होईल, सगळं नीट विचारून आलीस."

निशिगंधा खालीच बसली. म्हणाली, "मग बाबांना का नाही सांगितलंस?"

अनसूयेने वही मिटली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"अकरा वर्षांचे प्रश्न आहेत यात. आत्ता सगळे वाचले मी. तुला जायचंय का, हा कुठेच नाही."