जोडीचं शिंग

दोन साडूंचं भांडण इतकं विकोपाला गेलं, की त्यांनी एकमेकांना गोळी घालायचं ठरवलं. ठासणीची एकेक बंदूक सासऱ्यांनी दोन्ही जावयांना दिलेलीच होती. बंदुकीची दारू कोरडी ठेवायला शिंगं तेवढी नव्हती, म्हणून दोघं मिळून शिंगवाल्याकडे गेले.

"एकाच बैलाची जोडी घ्या," थोरला म्हणाला. "मागून कुणी कुरकुर करायला नको."

शिंगवाल्याने शिंगं उकळली, बुडाला लाकडाचं बूच बसवलं आणि आतली दारू किती उरली ते बाहेरून दिसावं म्हणून काचेच्या तुकड्याने शिंगं पातळ खरवडायला घेतली. दोघं साडू रोज समोर येऊन बसायचे.

"त्यांचं जास्त पातळ झालंय," एक म्हणायचा.

"मग आता यांचं करा," दुसरा म्हणायचा.

असं करता करता दोन्ही शिंगांना भोकं पडली. नवी जोडी आणली, तिचीही तीच गत झाली.

"घाई नको हो काका," धाकटा थोरल्याच्या कपात चहा ओतत शिंगवाल्याला म्हणायचा. "जीव एकदाच घ्यायचा, तर तो नीट घ्यावा."

एक दिवस शिंगवाल्याची बायको दुकानात आली. नवऱ्याच्या हातात तिसरंच शिंग होतं, पट्ट्यासकट तयार.

"हे कुणाचं हो?" तिने विचारलं.

"माझं," तो दोघा साडूंकडे बघत म्हणाला. "बंदूक संध्याकाळी येतेय."

थोरल्याने ते त्याच्या हातातून घेतलं, उजेडासमोर धरलं आणि धाकट्याकडे दिलं.

"सुरेख जमलंय," धाकटा म्हणाला. "काका, आमचीही अगदी अशीच हवीत. सावकाश करा."